मांड, लगाम आणि मिजास : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घोडेस्वारीवर प्रश्न पाठवा म्हटलं आणि पत्रांचा, व्हॉट्सॲपचा नुसता पूर आला. त्यातल्या निम्म्या पत्रांची सुरुवात "आमचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते" अशी. असतील की, इंदुरात कोणाचे नव्हते! पण मांड काही वारशात मिळत नाही, ती बसून बसूनच येते, तेव्हा पणजोबांना नमस्कार करून सरळ प्रश्नांकडे वळू. सगळी पत्रं घेणं शक्य नव्हतं, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि जिथे जिथे क्लबचं किंवा सरांचं नाव आलं होतं ते काढून टाकलंय, उगाच भांडणं नकोत.

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे, बँकेत नोकरी. लहानपणापासून घोड्यावर बसायचं मनात होतं ते आत्ता कुठे जमलं, खंडवा रोडकडे एका ठिकाणी शनिवार-रविवारचा क्लास लावलाय. मला नेहमी एकच घोडा देतात, म्हातारा कुमैत (तांबूस-तपकिरी) आहे, आणि तो माझ्याखाली हलतच नाही हो! टाचा मारून मारून माझ्या पोटऱ्या भरून येतात, तो आपला गेटपाशी जाऊन उभा. आणि माझ्यानंतर एक दहा वर्षांचं पोरगं बसतं, त्याच्यासोबत हाच पठ्ठ्या ट्रॉट काय, कँटर काय, सगळं करून राहिला. सर म्हणतात घोडा आळशी आहे, नवरा म्हणतो तुझं वजन. नक्की काय? आणि स्वतःचाच घोडा घेतला तर हा त्रास जाईल का? — राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आधी नवऱ्याचा मुद्दा निकालात काढू. साधारण नियम असा की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावं, म्हणजे ४०० किलोच्या घोड्यावर ६० ते ८० किलो. तुम्ही वजन लिहिलेलं नाही, मी विचारतही नाही, गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

आता आळशीपणा. क्लासचा घोडा रोज किती नवशिक्यांना पाठीवर घेतो याचा विचार करा, आणि प्रत्येक नवशिका काय करतो तर घाबरून लगाम धरून ठेवतो आणि त्याच वेळी टाचा मारतो, म्हणजे एकीकडे थांब आणि एकीकडे चल. जनावराने यातलं नेमकं ऐकायचं काय? मग तो दोन्ही ऐकणं सोडून देतो आणि जिथे त्रास संपतो त्या गेटपाशी जाऊन उभा राहतो. त्याला कळत नाही असं अजिबात नाही, त्याच्या पोटावर माशी बसली की तेवढ्याच जागेची कातडी थरथरवून तो उडवतो, मग तुमची अख्खी टाच त्याला लागत नसेल का! लागते, पण ती सारखीच लागत असते म्हणून तिला अर्थ उरलेला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी असं करा. बसल्यावर लगाम थोडी सैल सोडा, नजर गेटवर नाही तर समोरच्या लांबच्या झाडावर (तुम्ही गेटकडे बघता तेव्हा तुमचा खांदा आणि कंबर पण तिकडेच वळते, आणि घोडा ती वळलेली कंबर ऐकतो). मग पोटरी हलकेच एकदा लावा. नाही हलला तर लगेच एकदा, एकदाच, जोरात, किंवा पोटरीच्या मागे छडीचा हलका टोला. आणि त्याने एक पाऊल जरी टाकलं तरी त्या क्षणी पाय ढिले, सगळं बंद. हे बंद करणंच त्याचं बक्षीस आहे, गाजर नंतर. त्या पोराचं गुपित एवढंच की त्याचे पाय चिमट्यासारखे आवळलेले नसतात आणि कंबर घोड्याबरोबर हलते.

सरांना म्हणावं काही दिवस मला लाँजवरच ठेवा. म्हणजे सर मधे उभे, लांब दोरी त्यांच्या हातात, घोडा त्यांच्याभोवती गोल, तुमच्याकडे लगामच नाही. थोडं जमलं की रिकिबी पण काढून टाकायच्या. कंटाळवाणं आहे, पोटऱ्यांऐवजी मांड्या दुखतील, पण मांड पक्की व्हायची तर याला पर्याय नाही. जिथे पैसे भरल्याबरोबर लगाम हातात देऊन मैदानात सोडतात तिथला क्लास मला मुळीच पसंत नाही.

आणि अजून एक, क्लासच्या थोडं आधी पोचा आणि त्या म्हाताऱ्याला खरारा स्वतः करा, सईसाला (घोड्याची निगा राखणाऱ्याला) सांगा मी करते. मानेखाली, वशिंडापाशी (मान आणि पाठ जुळते तो उंचवटा), शेपटीच्या वर, कुठे घासलं की तो वरचा ओठ लांब करून वाकडा करतो ते शोधून काढा. प्रत्येकाची जागा वेगळी असते आणि ती त्याने तुम्हाला सांगितली की खाली उतरल्यावरचा संबंधच बदलतो. तुमच्या सरांनी त्याला आळशी म्हटलंय, मी काटेकोर म्हणेन. बरोबर मागितलं की देतो, चुकीचं मागितलं की उभा राहतो, आणि असे घोडे मिळायला नशीब लागतं, कारण तरणा तापट घोडा चुकीचं मागितलं की उभा राहत नाही, तो तुम्हाला तिथेच सोडून निघून जातो.

स्वतःचा घ्यायचं म्हणाल तर आपल्याकडे मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन स्वार असायचे. बारगिराला घोडं सरकारचं, शिलेदार आपलं घोडं आपली हत्यारं घेऊन यायचा, पगार त्याला जास्त, पण घोड्याचा खर्च आणि जोखीम पण त्याच्याच डोक्यावर. तुम्ही अजून थोडे दिवस बारगीरच राहा.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची. तिच्या हट्टापायी आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी आणली, कान इतके आत वळलेले की मुलीने नाव ठेवलं जलेबी. राऊच्या पुढे एका ओळखीच्यांच्या तबेल्यात ठेवलीय, तिथेच मुलगी शिकते. आधी बरं चाललं होतं पण आता तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसायला गेलं की घोडी कान मागे टाकते, दात दाखवते, पोट फुगवून ठेवते. रिंगणात डाव्या हाताला छान चालते, उजव्या हाताला वळवली की तोंड वर करून अडते. तोंडावरून हात फिरवायला गेलं तर मान काढून घेते. शेजारीच एकांचा नुकरा (पांढरा) घोडा आहे, तो इतका लाडिक आहे की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवतो, आणि आमची ही अशी. सर म्हणतात घोडी नखरेल आहे, स्वभावच तसा, विकून टाका आणि शांत घोडा घ्या. मुलगी रडून राहिली. म्हणते तिला मी आवडतच नाही. तसं माझ्या ॲक्टिव्हाचा आवाज आला की घोडी नाकातल्या नाकात काहीतरी हुंहुं करते, बाकी काही नाही. काय करावं? — सुदामानगर, इंदूर

उत्तर : विकू नका, निदान आत्ताच नको. आणि तुमच्या सरांबद्दल आदर ठेवून सांगते, "घोडीचा स्वभावच तसा" हे वाक्य तबेल्यांमध्ये फार स्वस्त झालंय, जे कळलं नाही ते सगळं स्वभावाच्या खात्यात टाकून मोकळं व्हायचं. तुम्हीच लिहिलंय की आधी बरं चाललं होतं. स्वभाव असा अधूनमधून उगवत नाही, दुखणं उगवतं. म्हणून आधी दुखणं शोधायचं, ते सगळं बघून झालं की जे उरेल त्याला स्वभाव म्हणायचं.

उजव्या हाताला तोंड वर करते म्हणजे पहिला संशय दातांवर. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, चावताना बाजूने झिजतात आणि कडेला ब्लेडसारखी धार येते, ती गालाला नाहीतर जिभेला कापते, त्यात तोंडातली लगामाची लोखंडी कडी त्याच बाजूने ओढली की झालं. वर्षातून एकदा दात घासून घ्यावे लागतात आणि हे आपल्याकडे कितीतरी घोडेमालकांना माहीतच नसतं. मग खोगीर. मारवाडी घोड्याची पाठ अरुंद, आणि सेकंडहँड मिळणारी खोगिरं पुष्कळदा रुंद पाठीच्या घोड्यांची. वशिंड आणि खोगीर यांच्यामधे मुलगी बसलेली असताना दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. चांगली घाम येईपर्यंत चालवल्यावर खोगीर काढून लगेच पाठ बघा, सगळीकडे ओलं आणि मधेच एखादा कोरडा डाग दिसला तर तिथे जास्त दाब पडतोय असं समजा. वशिंडावर पांढरे केस उगवले असतील तर ते जुन्या जखमेचे, यात्रेच्याही आधीचे असू शकतात.

तिसरं पोट. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं, खात असो वा नसो, म्हणून त्याला दिवसभर थोडं थोडं चघळत राहायची सवय निसर्गानेच लावलीय. आपण काय करतो, सकाळ-संध्याकाळ चण्याची चंदी, म्हणजे दाणा, टाकतो आणि मधला सगळा वेळ पुढ्यात काडी नाही. यातून अल्सर होतात आणि अल्सरवाल्या घोड्याला तंग कसलेला पुष्कळदा सहन होत नाही, तुम्ही लिहिलेली लक्षणं त्याचीही असू शकतात. आणि चौथं म्हणजे ती घोडी आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत साधारण २१ दिवसांनी ती माजावर येते, पाच-सात दिवस तसे असतात, त्या दिवसांत काही घोड्यांना कमरेवर हात पण नको असतो. कॅलेंडरवर खुणा करत जा, दोन-तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होईल.

महूला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, १९५५ पासूनचं, तुमच्यापासून काही लांब नाही. तिथे दाखवा, घोड्यांचा अनुभव असलेल्याच डॉक्टरांना दाखवा. यात्रेतून आणलीय तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाली होती का तेही विचारून घ्या, तो माणसालाही होतो. आणि धनुर्वाताची लस घोडीला आणि मुलीला, दोघींना.

तोवर तंग कसायची पद्धत बदला. सईस करतो तसं एका दमात गुडघा लावून कसायचं नाही. मुलीला सांगा डावीकडे खांद्यापाशी उभी राहा आणि तंग नुसता लागेल इतकाच पहिल्या भोकात. मग घोडीला पंधरा-वीस पावलं चालव. मग एक भोक. परत चालव. बसायच्या आधी शेवटचं. आणि या सगळ्या वेळात हाताकडे नाही तर घोडीच्या तोंडाकडे बघायचं. पुष्कळदा आधी नाकपुडीच्या वर बारीक सुरकुती पडते, मग खालचा ओठ घट्ट होतो, मग डोळ्याच्या वरचा भाग उचलून त्रिकोणी दिसायला लागतो, कान मागे जातात ते त्याच्याही नंतर आणि दात सगळ्यात शेवटी. म्हणजे दात दाखवायच्या आधी तिने बरंच काही सांगून झालेलं असतं. सुरकुती दिसली की हात थांबवायचा, सुरकुती गेली की पुढे. महिनाभर असं केलं तर पुष्कळ घोड्या पोट फुगवायचं आपोआप सोडतात, कारण आता अचानक काही आवळलं जाणार नाही हे त्यांना पटलेलं असतं.

हे सगळं झाल्यावर मग तिच्या स्वभावाकडे या, आणि इथे नुकऱ्या घोड्याला मधे आणूच नका. तोंडावरून हात फिरवू देत नाही म्हणजे प्रेम नाही असं नसतं हो. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण नेमकं कपाळाच्या आणि नाकाच्या अगदी समोर त्याला दिसत नाही, तुमचा हात तिथे येतो तेव्हा तो तिच्यासाठी गायब होतो आणि मग एकदम कपाळावर उगवतो. काही घोडे ते चालवून घेतात, काही नाही. घोडे आपसात लाड करतात ते वशिंडापाशी, एकमेकांच्या मानेच्या बुडाशी दाताने खाजवून, आणि तिथे खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात हे मोजून पाहिलेलं आहे. मुलीला म्हणावं तोंड सोड, तिथून सुरू कर.

मुलीला एक खेळ सांगते. रिंगणाच्या मधोमध एखादी उघडलेली छत्री नाहीतर उलटी बादली ठेवायची, घोडीला मोकळं सोडायचं आणि स्वतः कुंपणाबाहेर बसून नुसतं बघायचं. काही घोडी फुरफुरत पळून जातात आणि परत येतच नाहीत. काही गोल गोल फिरत एकेक पाऊल जवळ येतात, दर वेळी थोडं जास्त. काही थेट जाऊन बादली पायाने उडवतात. काही तर वस्तूकडे न बघता माणसाकडे बघतात, आता काय करू म्हणून. जलेबी यातली कोणती ते कळलं की तिला शिकवायचं कसं ते पण कळेल. फिरत फिरत जवळ येणारीला वेळ द्यावा लागतो, ढकललं की ती कायमची बिथरते. बादली उडवणारीला रोज नवीन काहीतरी लागतं, तेच तेच गोल मारले की ती नखरे करणारच, बिचारी कंटाळलेली असते. वहीत लिहून ठेवायला सांगा, कोणत्या हाताला वळते, कोणाच्या शेजारी उभी राहते, पावसात कशी असते, कोणता सईस आला की कान कसे होतात.

आणि ताई, एवढं मोठं पत्र लिहून सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही शेवटी कोपऱ्यात टाकलंय. नाकातल्या नाकात हुंहुं करते म्हणता ना, खिंकाळणं वेगळं, ते लांबच्याला हाक मारणं. हे बारीक हुंहुं घोडी आपल्या शिंगराला करते, आणि ओळखीच्या, हव्याशा माणसाला करते. चंदीच्या वेळेलाही करते हे खरं, म्हणून एकदा वेळ बदलून, खाणं नसताना जाऊन बघा. तरीही केलं तर ते तुमच्या ॲक्टिव्हासाठी नाही, मागे बसलेल्या मुलीसाठी आहे.

प्रश्न : घोडा घ्यायचा आहे, एक बघून ठेवलाय, चालीला उत्तम वाटतो, पण त्याच्या कपाळावर दोन भोवरे आहेत. सासरे म्हणतात असला घोडा मालकाला खातो, घ्यायचा तर पंचकल्याणीच (चारी पाय आणि तोंडावर पांढरं असलेला) घ्या. घरात वातावरण तापलंय. — रामबाग, इंदूर

उत्तर : भोवऱ्यांचं हे शास्त्र प्राचीन अश्ववैद्य शालिहोत्रापासून चालत आलंय, ते मी एका परिच्छेदात संपवू शकत नाही आणि सासऱ्यांशी भांडूही शकत नाही. व्यवहाराचं तेवढं सांगते. बाजारात भोवऱ्यांमुळे भाव पडतो, म्हणजे तुम्हाला तो घोडा स्वस्तात मिळायला हवा, तिथे नीट घासाघीस करा. चारी पायांवर पांढरं आहे का यापेक्षा चारही पाय सारखे पडतात का ते बघा, कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवायला लावायचं आणि डोकं वरखाली होतं का ते बघायचं, होत असेल तर कुठला तरी पाय दुखतोय. न सांगता सकाळी लवकर जा, घोडा आधीच घामाघूम करून शांत केलेला नसावा. खोगीर तुमच्यासमोर चढवायला सांगा आणि आधी विकणाऱ्याला बसायला सांगा. तो टाळाटाळ करायला लागला तर भोवरे मोजायची गरजच नाही.

प्रश्न : सिमरोलजवळ आमचा फार्महाऊस आहे, तिथे एक घोडा ठेवलाय, तगडा आहे. माळी चंदीपाणी वेळेवर करतो, काही कमी नाही. मी दर रविवारी जाऊन बसतो तर बसल्या बसल्या उधळतो, मागचे पाय झाडतो. मागच्या महिन्यात तर थोडा पळवला आणि एकदम अडला, जागचा हलेना, घामाने निथळून गेला, मागचा भाग दगडासारखा कडक. माळी म्हणतो नाटक करतो. याला वठणीवर कसा आणायचा? — मनोरमागंज, इंदूर

उत्तर : भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, हे कोडं तुम्ही शाळेत असताना नक्की ऐकलं असणार. उत्तर तिन्हीचं एकच, न फिरवल्याने. तुमच्या पत्राला यापुढे काही लिहायची खरं तर गरज नाही, पण ते मागचा भाग कडक झाल्याचं वाचून काळजी वाटली म्हणून लिहिते.

ते नाटक नव्हतं. सहा दिवस उभा ठेवून चण्याची पूर्ण चंदी द्यायची आणि सातव्या दिवशी एकदम पळवायचं, यात घोड्याचे मोठे स्नायू आखडतात, तुटायला लागतात. जुन्या काळी गाडीच्या घोड्यांना रविवारची सुट्टी झाली की सोमवारी सकाळी हे व्हायचं, म्हणून याला मंडे मॉर्निंग डिसीज म्हणतात, तुमच्याकडे तो रविवारीच येतो इतकंच. पुन्हा असं झालं तर चालवून मोकळा करू असं अजिबात करू नका, आहे तिथे उभा ठेवा, पाणी द्या, डॉक्टरला फोन करा. लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर मग एक तास पण थांबायचं नाही, मूत्रपिंडं जाऊ शकतात.

ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी कमी आणि चारा जास्त. वजनाच्या दीड-दोन टक्के सुका चारा रोज लागतो, ४०० किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो, तोही दिवसभरात वाटून, आणि पाणी उन्हाळ्यात दिवसाला ४०-५० लिटरही पितो. घोडा ओकू शकत नाही, जे पोटात गेलं ते गेलं, म्हणून "घरचं लग्नाचं उरलेलं होतं ते घातलं" असलं प्रेम नको. फार्महाऊसची जागा आहे तर कुंपण घालून रोज मोकळा सोडा. एकटा आहे ना, एखादी शेळी तरी सोबतीला बांधा, कळपाचं जनावर आहे ते. माळव्यातली काळी माती पावसाळ्यात कशी होते तुम्हाला माहीत आहे, त्या चिखलात खुराखालचा मऊ त्रिकोणी भाग सडतो, घाण वास यायला लागतो, तेव्हा उभं राहायची एक जागा मुरूम टाकून उंच आणि कोरडी करून घ्या, खूर रोज साफ, नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी.

हे सगळं करायला वेळ नसेल तर आठवडाभर कोणीतरी फिरवणारा ठेवा किंवा घोडा दुसऱ्याला द्या. वठणीवर आणायचं म्हणता, तर घोड्याच्या बाजूने काही बाकी आहे असं मला तरी दिसत नाही.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. सुदीप्ती हजेलाचा व्हिडिओ बघितल्यापासून घोडा घोडा करून राहिली. कोणत्या वयात सुरू करावं? आणि त्या खेळात घोडा नुसता नाचतोच, मग गोल्ड मेडल कशाचं? — तिलकनगर, इंदूर

उत्तर : आपल्याच इंदूरची पोरगी, कौतुक वाटणारच! २०२३ च्या सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये सुदीप्ती, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण घेतलं, घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी मिळालेलं सुवर्ण. सुदीप्तीच्या घोड्याचं नाव चिन्स्की. आणि तो नाचत नाही, स्वार सांगतो ते करतो, फरक एवढाच की सांगितलेलं तुम्हाला-आम्हाला दिसत नाही. एकेका हालचालीला दहापैकी मार्क असतात. पुढच्या वेळी घोड्याचे पाय नाही, स्वाराचे हात बघा, जवळजवळ स्थिर असतात.

सात वर्षं चालेल, पण लहान पोनीवर, लाँजवर, एका वेळी वीस-तीस मिनिटं, बास. हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं, सायकलचं नाही, आणि बूट थोड्या टाचेचे, कारण सपाट स्पोर्ट शूज रिकिबीतून आरपार जातात आणि पडल्यावर पाय अडकून पोर फरफटतं. यात तडजोड करणाऱ्या क्लासमधून तसेच परत या. पहिले काही दिवस खरारा करणं, खूर साफ करणं, पाणी पाजणं एवढंच करू दे. त्यातच कंटाळली तर तुमचे पैसे वाचले, नाही कंटाळली तर तुमचं काही खरं नाही.

प्रश्न : आमच्याकडे शांत घोडी आहे. आता जो तो लग्नसराईत वरातीसाठी मागतो, कोणाला नाही म्हणावं कळत नाही. यावेळी तर सख्खा भाचा आहे. — लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : सगळ्यांनाच म्हणा. शेतात शांत असणारी घोडी डीजेच्या गाडीमागे शांत राहील असं नाही. तिचे कान तिखट, त्यात फटाके, त्यात मागून येऊन नाचणारी मंडळी, जी तिला बरोबर पाठीमागे दिसत नाहीत पण जाणवतात, आणि मागे काहीतरी आहे म्हटलं की घोडं लाथ घालतं, त्यात तिची काही चूक नसते. वर नवरदेव आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर बसलेला, हातात तलवार, डोळ्यांवर मुंडावळ्या, त्याच्या पुढ्यात एक चिमुकला करवला. वरातीची घोडी लहानपणापासून त्या आवाजात वाढवलेली असतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही सगळ्यांचं काही बरं चाललेलं नसतं.

भाच्याला नाही म्हणवत नसेल तर सकाळी, डीजे यायच्या आधी, मांडवाच्या दारात घोडी आणा, लगाम तुमच्या हातात ठेवा, त्याला बसवा, फोटो काढा, ओवाळून घ्या आणि घोडी परत पाठवा. वरात उघड्या जीपमधून निघू दे.